बर्फ साचणाऱ्या हवामानात लहान मालवाहू विमान चालवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एक किंवा दोन टर्बोप्रॉप (प्रोपेलर फिरवणाऱ्या टर्बाइन) इंजिनांची मालवाहू विमाने चालवणाऱ्या वैमानिकांसाठी, तसेच त्या विमानांत माल भरणाऱ्या आणि त्यांच्या फेऱ्या आखणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी लिहिले आहे. आपल्या विमानाच्या हस्तपुस्तिकेत वेगळे सांगितले असेल, तर हस्तपुस्तिकाच प्रमाण मानावी.

ढगात शिरले की बर्फ साचतोच का?

साचतोच असे नाही. त्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: डोळ्यांना दिसणारा ओलावा, म्हणजे ढग, पाऊस, रिमझिम किंवा ओला हिम, आणि शून्य अंश सेल्सिअसच्या खाली गेलेला विमानाचा पृष्ठभाग. ढगातला पाण्याचा बारीक थेंब शून्याखाली गेला म्हणजे लगेच गोठतो असे नाही. तो उणे ४० अंशांच्या आसपासपर्यंत द्रवरूपात राहू शकतो. अशा अतिशीत थेंबावर पंखाची पुढची कड आदळली की तो तिथेच गोठतो. ही शक्यता ० ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात सर्वाधिक असते. शून्याच्या जवळपास थेंब सावकाश गोठतो, गोठता गोठता मागे ओघळतो आणि काचेसारखा पारदर्शक, जड थर तयार होतो. जास्त थंडीत तो आदळताक्षणी गोठतो आणि हवा अडकल्यामुळे पांढरा, खरखरीत थर दिसतो. पारदर्शक थर अधिक वाईट, कारण तो चटकन दिसत नाही आणि जिथे संरक्षण नाही अशा मागच्या भागापर्यंत पसरतो.

अनेक हस्तपुस्तिकांत बाहेरचे तापमान ५ अंशांपर्यंत असतानाच सावधगिरी सुरू करायला सांगितलेले असते. शून्याच्या वर बर्फ कसा, असा प्रश्न पडू शकतो. इंजिनाच्या हवा घेण्याच्या मार्गात हवेचा वेग वाढतो, तसे तिचे तापमान खाली जाते. त्यामुळे बाहेर २ किंवा ३ अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो.

थर अगदी पातळ असेल, तर इतकी काळजी कशासाठी?

कारण येथे बर्फाच्या वजनापेक्षा त्याचा खरखरीतपणा घातक ठरतो. पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या बाजूवर मध्यम किंवा जाड सॅंडपेपरइतका खरखरीत थर असला, तरी उचल सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा अवरोध सुमारे ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. स्वच्छ पंख ज्या कोनाला स्टॉल होतो, म्हणजे उचल देणे सोडतो, त्याच्या बऱ्याच आधी बर्फाळ पंख स्टॉल होतो. परंतु स्टॉलचा इशारा देणारे यंत्र स्वच्छ पंखाच्या हिशेबाने बसवलेले असते. भोंगा वाजण्यापूर्वीच विमान एका अंगावर कोसळू शकते. भोंग्यावर विसंबून वेग कमी होऊ देणारा वैमानिक म्हणूनच सर्वांत जास्त धोक्यात असतो.

मोठ्या जेट विमानांना जमते, ते लहान मालवाहू विमानांना का जमत नाही?

मोठे जेट हा थंड, ओला पट्टा काही मिनिटांत ओलांडून वर निघून जाते, त्याच्याकडे शक्तीचा मोठा साठा असतो आणि त्याच्या पंखांच्या कडा बहुधा इंजिनातल्या गरम हवेने तापवलेल्या असतात. लहान टर्बोप्रॉप विमान साधारणपणे ज्या उंचीवर प्रवास करते, तिथेच हे ढग असतात. त्यात एकट्या वैमानिकाने रात्री किंवा पहाटे, वेळापत्रकाच्या दडपणाखाली, पूर्ण भरलेले विमान न्यायचे असते.

सेस्ना २०८ कॅराव्हॅन हे या वर्गातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. एक इंजिन, पंखांना आधार देणारे तिरपे स्ट्रट, कायम बाहेर असलेली चाके आणि पुष्कळदा पोटाखाली सामानाचा कप्पा, अशी याची रचना आहे. खडबडीत धावपट्टीवर ती उपयोगी पडते. पण बर्फ धरण्यासाठी तितक्या जागा वाढतात आणि त्यातल्या काहींवर कोणतेही संरक्षण नसते. हे विमान वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या मर्यादेत ते फार भरवशाचे आहे आणि ती मर्यादा समजून घेण्यासाठीच हे पान आहे.

‘आयसिंगमध्ये (बर्फ साचणाऱ्या हवामानात) उड्डाणास मान्यता’ असे कागदपत्रांत लिहिलेले आहे. मग अशा हवामानात हवा तितका वेळ राहता येते का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्याबाबत आढळतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागते.

मान्यता देताना विमानाची तपासणी ठरावीक प्रकारच्या ढगांसाठी होते. या ढगांची व्याख्या १९४० च्या दशकापासून अमेरिकेत झालेल्या मोजमापांवर आधारलेली आहे. पसरट ढगांसाठी तिच्यात थेंबांचा प्रातिनिधिक व्यास १५ ते ४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला आहे, तर उभ्या वाढणाऱ्या ढगांत, जिथे विमान थोडाच वेळ असते, तिथे ५० मायक्रॉनपर्यंत. याहून मोठे थेंब, म्हणजे गोठणारी रिमझिम आणि गोठणारा पाऊस, त्या व्याख्येत बसत नाहीत. मोठ्या थेंबांत विमान नेल्यास त्या मान्यतेचा आधार उरत नाही.

३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्यातील रोझलॉनजवळ एक एटीआर ७२ प्रवासी विमान उतरण्याच्या प्रतीक्षेत गोठणाऱ्या रिमझिमीत घिरट्या घालत होते. पंखाच्या कडेवरचे रबरी बूट (हवेने फुगून बर्फ फोडणारी आवरणे) आपले काम करत होते, परंतु मोठ्या थेंबांमुळे बर्फाची कड बुटांच्या मागे, एलेरॉनच्या (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या फळीच्या) पुढे तयार झाली. विमान अचानक एका बाजूला कलंडले आणि त्यातील सर्व ६८ जण मरण पावले. ते मान्यता असलेले विमान होते. या अपघातानंतर मोठ्या थेंबांचा अभ्यास नव्याने झाला आणि मोठ्या विमानांच्या प्रमाणीकरणाचे अमेरिकी नियम २०१४ मध्ये त्यानुसार वाढवले गेले.

लहान मालवाहू विमानाच्या वैमानिकाने मान्यतेचा अर्थ असा घ्यावा, की बर्फ साचू लागल्यावर त्यातून बाहेर पडण्यासाठी त्याला वेळ मिळतो. तो वेळ बाहेर पडण्यातच खर्च झाला पाहिजे.

निघण्यापूर्वी पंखावर थोडे दंव असेल, तर चालते का?

पंख, शेपटीवरचे स्टॅबिलायझर (स्थिर पृष्ठभाग), रडर आणि एलेवेटर (हलत्या फळ्या), एलेरॉन आणि प्रोपेलर यांना दंव, बर्फ किंवा हिम चिकटलेले असताना उड्डाण करू नये. अमेरिकी नियमांत पूर्वी दंव घासून गुळगुळीत केले तर चालेल अशी सवलत होती. ती २०१० पासून काढून टाकण्यात आली. इंधनटाकीच्या खालच्या बाजूला धरलेल्या दंवाबाबत काही विमानांना ठरावीक सूट असते, तीही हस्तपुस्तिकेत किंवा मंजूर कार्यपद्धतीत लिहिलेली असेल तरच.

तपासणी नुसत्या डोळ्यांनी करू नये. कॅराव्हॅनचा पंख वर असतो. जमिनीवर उभे राहून त्याची वरची बाजू दिसतच नाही. शिडी लावावी, हातमोजा काढावा आणि उघडी बोटे पुढच्या कडेवरून मागे सरकवावीत. पारदर्शक बर्फ टॉर्चच्या उजेडात ओल्या रंगासारखा चमकतो आणि डोळा फसतो. बोटाला मात्र रंगाच्या गुळगुळीत स्पर्शाऐवजी किंचित उंचवटा आणि खरखर लागते, रिव्हेटची डोकी जिथे जाणवायला हवीत तिथे जाणवत नाहीत. अशी हाताने करायची तपासणी कॅराव्हॅनसाठी अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने २००५ मध्ये बंधनकारक केली. तिच्यासाठी शिडी हवी, पहाटेच्या थंडीत पाचसहा मिनिटे हवीत, आणि ती शिडी धावपट्टीजवळ उपलब्ध ठेवणे हे कंपनीचे काम आहे. शिडी सापडली नाही म्हणून तपासणी राहिली, हे कारण मान्य होऊ शकत नाही.

थंड इंधनाकडेही लक्ष द्यावे. उंचावरून परतलेल्या विमानाच्या टाकीतले इंधन पुष्कळ वेळ शून्याखाली राहते आणि जमिनीवर हवा शून्याच्या वर असूनही टाकीवरच्या पंखाच्या भागावर पावसाचे पाणी गोठू शकते.

डी-आयसिंग (बर्फ काढणारा) द्रव फवारल्यावर किती वेळ सुरक्षित असतो?

ते द्रवाचा प्रकार, तापमान आणि पडणाऱ्या हिमाचे किंवा पावसाचे स्वरूप यांवर अवलंबून असते, आणि त्या हंगामाच्या तक्त्यावरूनच पाहावे लागते. नारिंगी रंगाचा टाइप १ द्रव साचलेला बर्फ काढण्यासाठी असतो. हिम पडत असताना त्याचे संरक्षण फार थोडा वेळ, पुष्कळदा काही मिनिटेच टिकते. हिरवा टाइप ४ द्रव दाट असतो आणि अधिक वेळ टिकतो, पण तो धावताना वाऱ्याने निघून जाण्यासाठी विमानाला पुरेसा वेग लागतो. कमी वेगाला उचलणाऱ्या विमानांसाठी पिवळा टाइप ३ आहे. आपल्या विमानाला कोणता द्रव मान्य आहे हे हस्तपुस्तिकेतून आधीच पाहून ठेवावे. फवारणी करणाऱ्या गाडीत जो असेल तो मारून घेऊ नये. मध्यम किंवा जोरदार गोठणाऱ्या पावसासाठी तक्त्यात वेळच दिलेली नसते, म्हणजे त्या हवामानात निघायचेच नसते. शिवाय हा द्रव जमिनीपुरता आहे. हवेत गेल्यावर तो वाहून जातो आणि पुढे विमानाची स्वतःची यंत्रणाच कामी येते.

वजनाचा बर्फाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. भरलेल्या विमानाला त्याच वेगाने उडण्यासाठी पंखाचा कोन वाढवावा लागतो, आणि बर्फाळ पंख नेमका वाढलेल्या कोनाला दगा देतो. कोन वाढला की बर्फ पंखाच्या खालच्या बाजूलाही मागेपर्यंत साचू लागतो, अवरोध वाढतो आणि वेग आणखी उतरतो.

६ ऑक्टोबर २००५ च्या पहाटे कॅनडात विनिपेगहून थंडर बेकडे निघालेले एक मालवाहू कॅराव्हॅन उड्डाणानंतर थोड्याच वेळात परत फिरण्याची विनंती करून शहरातील रेल्वेमार्गाजवळ कोसळले. त्यात एकट्या वैमानिकच होत्या, त्या वाचल्या नाहीत. बर्फ साचणाऱ्या हवामानासाठी ठरवलेल्या कमाल वजनापेक्षा विमानाचे वजन जास्त होते, असे कॅनडाच्या तपासात आढळले. त्याआधी १७ जानेवारी २००४ रोजी कॅनडातीलच पेली बेटावरून निघालेल्या कॅराव्हॅनमधील सर्व दहा जण मरण पावले होते. तिथे पंखांवर बर्फ होता आणि वजन कमाल मर्यादेपेक्षा किमान १५ टक्क्यांनी जास्त होते.

माल भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की काही विमानांना बर्फाळ हवामानासाठी वेगळी, कमी वजनमर्यादा असते. संध्याकाळच्या हवामान अंदाजात असे हवामान दिसले की ती लागू होते. लोडशीट (भरलेल्या मालाच्या वजनाचा तक्ता) आधीच्या मर्यादेने तयार झाली असेल, तर ती बदलून काही पेट्या उतरवाव्याच लागतात. पेट्यांचे वजन अंदाजाने लिहिण्याची सवय तर कोणत्याच ऋतूत नको.

पंखावरचे रबरी बूट केव्हा फुगवावेत? थोडा बर्फ साचू द्यावा, असे जुने वैमानिक सांगतात.

जुन्या, सावकाश फुगणाऱ्या बुटांच्या काळात तशी शिकवण होती. पातळ थरावर बूट फुगवल्यास बर्फ ताणून बाहेर राहील, त्याची कमान तयार होईल आणि पुढच्या वेळी बूट त्या कमानीच्या आत नुसताच फुगत राहील, अशी भीती होती. आधुनिक, वेगाने फुगणाऱ्या बुटांमध्ये अशी कमान बनत असल्याचे आढळलेले नाही. म्हणून आजचा सल्ला असा आहे, की बर्फाचे पहिले चिन्ह दिसताच बूट सुरू करावेत आणि बाहेर पडल्यावरही थोडा वेळ चालू ठेवावेत. एका फुगवणीत सगळा बर्फ निघतोच असे नाही. उरलेला पुढच्या फुगवणीला निघतो, आणि तोवर तो उरलेला आहे हे गृहीत धरूनच वेग ठेवावा. काही नवीन कॅराव्हॅनमध्ये बुटांऐवजी पंखाच्या कडेवरील बारीक छिद्रांतून ग्लायकोलयुक्त द्रव झिरपवणारी यंत्रणा असते. ती बर्फ साचण्यापूर्वीच सुरू करावी लागते आणि टाकीत किती द्रव उरला आहे यावर सतत नजर ठेवावी लागते.

पिटो ट्यूब (हवेतला वेग मोजणारी नळी), स्टॉल इशारा यंत्र, प्रोपेलर आणि पुढची काच यांची तापवणी ढगात शिरण्यापूर्वी सुरू झालेली असावी. पीटी ६ (कॅराव्हॅनमध्ये असते ते टर्बोप्रॉप) इंजिनाच्या विमानांत इनर्शियल सेपरेटर (इंजिनाच्या हवामार्गातील, हवेबरोबरचे जड कण वेगळे करणारी झडप) बायपासवर ठेवावा, म्हणजे बर्फ आणि पाणी इंजिनात न जाता बाजूने निघून जाते. त्यासाठी थोडा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) सोडावा लागतो. हा सौदा नेहमीच परवडतो.

यापैकी एखादे उपकरण बिघडलेले असेल, तर?

त्या फेरीसाठी बर्फाळ हवामान बंद.

वेग किती राखावा?

प्रत्येक विमानाच्या हस्तपुस्तिकेत बर्फाळ हवामानासाठीचा किमान वेग दिलेला असतो. तो नेहमीच्या वेगापेक्षा जास्त असतो आणि तो पाळण्यात सवलत नाही. कॅराव्हॅनच्या अपघातांनंतर अमेरिकी प्रशासनाने २००६ च्या आदेशात फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेवरील, खाली उघडून उचल वाढवणारे भाग) वर असताना १२० नॉट (ताशी सागरी मैल) हा किमान वेग ठरवला. पुढे कमी वेगाची सूचना देणारी यंत्रणाही बंधनकारक झाली. त्या विमानासाठी, मर्यादा गाठली गेली हे ओळखण्याच्या खुणाही लिहून दिल्या आहेत: समपातळीत, शक्ती न बदलता वेग २० नॉटने उतरणे, वेग टिकवण्यासाठी टॉर्क ४०० फूट-पौंडांनी वाढवावा लागणे, समपातळीत १२० नॉट न टिकणे, किंवा स्ट्रटवर पाव इंच बर्फ दिसणे. यांपैकी एक जरी दिसली, तरी ताबडतोब बाहेर पडायचे असते. दुसरी दिसण्याची वाट पाहू नये.

ऑटोपायलटबाबत विशेष सावध राहावे. उंची टिकवण्यासाठी तो गुपचूप नाक वर करत जातो, वेग उतरत जातो, आणि हाताला जे जडपण जाणवले असते ते तो लपवतो. त्याला आवरेनासे झाले की तो सुटतो आणि बिघडलेल्या तोलाचे विमान एकदम वैमानिकाच्या हातात येते. म्हणून बर्फ साचत असताना ऑटोपायलट बंद ठेवावा, निदान थोड्या थोड्या वेळाने काढून विमान हाताने जाणून घ्यावे.

मोठे थेंब ओळखायचे कसे?

शून्याच्या आसपासच्या तापमानात पुढच्या काचेवर थेंब आपटून पसरताना दिसले, बाजूच्या काचांवर बर्फ धरला, प्रोपेलरच्या टोपीवर नेहमीपेक्षा मागेपर्यंत बर्फ गेला किंवा वर पंख असलेल्या विमानाच्या पंखाखाली बुटांच्या मागे थर दिसला, तर ते मोठे थेंब समजावेत. अशा वेळी नियंत्रण कक्षाला स्पष्ट शब्दांत सांगावे, गरज असल्यास आणीबाणी जाहीर करावी. फ्लॅप खाली असतील आणि पंखावर बर्फ असेल, तर ते वर घेण्याची घाई करू नये. फ्लॅप वर गेले की त्याच वेगाला पंखाचा कोन वाढतो.

बाहेर पडताना वर जावे की खाली?

याचे उत्तर निघण्यापूर्वी तयार असायला हवे. शून्य अंशाची पातळी कुठे आहे, ढगांचा माथा किती उंच आहे आणि मार्गावरील डोंगरांपेक्षा वर राहून उबदार हवेत उतरता येईल का, हे तीन आकडे कागदावर लिहून मांडीवर ठेवावेत. पसरट ढगांत बर्फाचा पट्टा पुष्कळदा काही हजार फुटांहून कमी जाडीचा असतो, त्यामुळे वेळीच मागितलेला उंचीतला छोटा बदलही कामी येतो. गोठणाऱ्या पावसाच्या वर उबदार हवेचा थर असतो, हे खरे. पण तिथवर चढण्याइतकी शक्ती विमानात शिल्लक असेल तरच त्याचा उपयोग. गोठणारी रिमझिम तर उबदार थराशिवायही तयार होते, म्हणून वर गेल्यावर ऊब मिळेलच असे गृहीत धरू नये. जिथून आलो तिथली हवा माहितीची असते. मागे फिरणे हा कित्येकदा सर्वांत चांगला मार्ग ठरतो.

बाहेर पडल्यावर आपण काय पाहिले, किती उंचीवर आणि किती तापमानाला, हे नियंत्रण कक्षाला कळवावे. मागून येणाऱ्या विमानासाठी त्याहून ताजी माहिती दुसरी नसते.

उतरताना वेगळे काय करावे?

वेग वाढीव ठेवावा, त्यासाठी लांब धावपट्टी निवडावी आणि हस्तपुस्तिकेने बर्फाळ स्थितीसाठी फ्लॅपवर मर्यादा घातली असेल तर ती पाळावी. २७ जानेवारी २००९ रोजी टेक्सासमधील लबक येथे गोठणाऱ्या रिमझिमीतून उतरणारे एक मालवाहू एटीआर ४२ धावपट्टीपूर्वीच स्टॉल होऊन आदळले. दोन बाजूंचे फ्लॅप असमान उघडले होते, वैमानिकांचे लक्ष तिकडे गेले आणि वेग घसरला. दोघे बचावले. अशा वेळी अडचण सोडवण्यापूर्वी वेग सांभाळायचा आणि अवतरण सोडून वर जायचे.

शेपटीच्या स्टॉलबद्दलही विचारले जाते. काही विमानांत फ्लॅप पूर्ण उघडल्यावर बर्फाळ शेपटी दगा देते आणि नाक अचानक खाली जाते. त्यावरचा उपाय पंखाच्या स्टॉलच्या उलट असतो, म्हणजे दांडा मागे ओढणे आणि फ्लॅप पूर्वीच्या स्थितीत नेणे. परंतु हे क्वचित घडते. हस्तपुस्तिकेत तसा इशारा नसेल, तर पंखच स्टॉल झाला आहे असे धरावे आणि नाक खाली घ्यावे. नेमके उलट करून बसणे जिवावर बेतू शकते.

उड्डाण रद्द करण्याचा निर्णय कोणाचा?

अंतिम निर्णय विमानाच्या कॅप्टनचा. परंतु फेऱ्या आखणाऱ्याने हवामान पाहून आधीच ‘नाही’ म्हणणे, आणि माल भरणाऱ्याने पंखावर चमकणारे काही दिसल्यास वैमानिकाला हाक मारणे, हाही त्याच सुरक्षेचा भाग आहे. कंपनीने हे लेखी नोंदवावे, की बर्फामुळे रद्द केलेल्या किंवा अर्ध्यातून परतलेल्या फेरीबद्दल कोणालाही खुलासा मागितला जाणार नाही. पहाटे साडेचारला, शिडीवर एकटा उभा असलेल्या वैमानिकाला ते वाक्य आधीपासून पाठ असले पाहिजे.